‘बघू’ म्हणणाऱ्यांच्या घरातले भिंग

माझ्याकडे पाहिलेत तर तुम्हाला फारसे काही दिसणार नाही, मित्रांनो. कोटाच्या बटणाएवढी काच, तिच्याभोवती काळवंडलेली पितळी कड, आणि मला पोटात घेऊन मिटणाऱ्या दोन पितळी पाकळ्या. त्यांतल्या एकीला पोचा पडलेला आहे. एका घड्याळजीच्या मेजावर मी कामाला लागले आणि आज एका खिडकीत म्हातारी होत बसले आहे. माझ्याकडे पाहणारा निराश होतो. माझ्यातून पाहणारा मात्र बराच वेळ गप्प होतो. त्या गप्प होण्याचीच ही हकीकत आहे.

मी मुळात वाळू होते. पाण्याखाली किती काळ पडून होते ते आठवत नाही. वाळूच्या कणाला एकट्याची अशी आठवण नसते. मग भट्टी आली. तिच्या आगीत आम्ही सगळ्या कणांनी आपापला आकार सोडून दिला आणि प्रथमच उजेड न अडखळता आमच्यातून पलीकडे गेला. पुढे एका काच घासणाऱ्या कारागिराने मला हाती घेतले. ओल्या लाल भुकटीवर तो मला गोल गोल फिरवी, खिडकीशी धरून पाही आणि पुटपुटे, “अजून नाही.” हे इतक्या वेळा झाले की ‘अजून नाही’ हेच आपले नाव असावे असे मला वाटू लागले. एका दुपारी त्याने मला उचलले आणि तो काहीच बोलला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर एक माशी बसली होती. ती पुढचे पाय एकमेकांवर चोळत होती, मग डोके वाकवून मान पुसत होती, एखाद्या नीटनेटक्या आत्याबाईसारखी. कारागिराचा चहा निवून गेला. “आता झालं,” तो म्हणाला.

मी घड्याळजीकडे आले. त्यांचे दुकान बोळासारखे अरुंद होते आणि भिंतीवरचे प्रत्येक घड्याळ आपलेच खरे करीत असे. बारीक स्क्रू, केसासारख्या कमानी, दातेरी चाके, हे माझे पहिले जग. घड्याळजींना आई नसलेली एक लहान मुलगी होती. शाळा सुटली की ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसे आणि रस्ता पाहत राही.

आपल्या भाषेतला ‘बघू’ हा शब्द फार सोयीचा आहे. त्याचा डोळ्यांशी काही संबंध नसतो. ‘बघू’ म्हणजे आज नाही, उद्याही बहुधा नाही, आणि ‘नाही’ म्हणायचे मात्र जिवावर आले आहे. घड्याळजी हा शब्द दिवसभर वापरत. गिऱ्हाइकांना तर वापरतच, पण मुलीलाही वापरत.

“बाबा, रविवारी टेकडीवर जाऊ या?”

“बघू.”

“गेल्या रविवारीपण बघूच म्हणालात.”

“मग ह्याही रविवारी बघू.”

मुलगी उठली. तिने मेजावरून मला उचलले आणि बापाच्या तळहातावर ठेवले. “चला.”

“कुठे?”

“तुम्हीच म्हणालात ना, बघू? मग चला, बघू.”

ती चेष्टा करीत नव्हती. तिने शब्द ऐकला होता तसाच धरला होता. घड्याळजींना हसू आले. ‘गुडघ्यांनापण तेल घालायला हवं’ असे काहीतरी म्हणत ते पायरीवर वाकले. दगडाच्या फटीत हिरवट शेवाळाची रेघ होती, रोज पायाखाली जाणारी. त्यांनी मला डोळ्याशी धरले.

मित्रांनो, मी तिथे अरण्य दाखवले. हजारो बारीक रोपे दाटीने उभी होती. त्यांच्यातून केसासारखे तांबूस दांडे वर आले होते, प्रत्येक दांड्यावर एक कुपी आणि प्रत्येक कुपीवर टोकदार टोपी. एका पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब होता आणि त्या थेंबात सगळा रस्ता उलटा टांगलेला होता: समोरची खिडकी, वाळत घातलेले कपडे, सायकलवरून जाणारा माणूस. बुंध्याबुंध्यांमधून एक पांढुरका जीव चालला होता, धुळीच्या कणाहून लहान, आणि त्यालाही मिशा होत्या. मिशीने चाचपल्याशिवाय तो पाऊल टाकत नव्हता.

“अगं बाई!” घड्याळजी म्हणाले. बऱ्याच वेळाने त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “ह्याला चावी कोण देतं गं?”

दुकानातून एक गिऱ्हाईक ओरडले, “अहो, माझं घड्याळ झालं का?”

“बघू,” घड्याळजी म्हणाले, आणि पायरीवरून उठले नाहीत.

तेव्हापासून त्या घरात ‘बघू’ला दोन अर्थ झाले. बाप पुष्कळदा पहिल्या अर्थाने बोले. लेक दुसराच धरून बसे आणि मला घेऊन उभी राही. टेकडी राहिली ती राहिलीच. पण नळाखालची ओल, खिडकीच्या चौकटीतला कोळी, मागच्या भिंतीवरचा करडा-हिरवा डाग, असे त्यांचे दौरे होऊ लागले. शेजारच्या मुलांनी एकदा मला मागितले. उन्हात धरून मुंग्या जाळायच्या, असा त्यांचा बेत होता.

“ह्यानं जाळायचं नसतं,” ती म्हणाली. “बघायचं असतं.”

“भित्री भागूबाई!”

“असेन. भिंग माझं आहे.”

माझी एक अट आहे, ती इथेच सांगते. मला अगदी डोळ्याशी धरावे लागते आणि वस्तू माझ्यापासून बोटभर अंतरावर. हात घाईत असला तर जग माझ्यातून निसटून जाते. श्वास जोरात सोडला तर मी धुरकटते. त्यामुळे माझ्यातून पाहणाऱ्याला आधी कोपर कशावर तरी टेकवावे लागते, मग श्वास हळू करावा लागतो. तोवर त्याच्या डोक्यातली गडबड आपोआप खाली बसते, गढूळ पाणी ठेवल्या जागी निवळावे तशी. हे मी कोणाला शिकवले नाही. माझी काचच तशी घासलेली आहे. त्या मुलीला मात्र ही निवळ फार लवकर सापडली आणि ती तिने जन्मभर सांभाळली.

ती मोठी झाली, छापखान्यात नोकरीला लागली, आणि त्याच वर्षी घड्याळजी गेले. दुकान बंद करायला ती एकटी आली. चावी द्यायला कोणी नसल्यामुळे घड्याळे एकेक करून थांबली होती. शेवटचे एक कोपऱ्यात टिकटिकत होते, तेही तिच्यादेखत थांबले. एवढी शांतता मी त्या दुकानात कधी ऐकली नव्हती. तिला रडू येईना. ती कितीतरी वेळ मेजाला धरून उभी राहिली, मग मला मुठीत घेऊन पायरीवर आली आणि सवयीने फटीशी वाकली.

शेवाळ होते. कुप्यांच्या टोप्या गळून पडल्या होत्या आणि प्रत्येक कुपीच्या तोंडाशी बारीक दातांचे एक वर्तुळ उघडे पडले होते, कुठल्याही घड्याळाच्या चाकाला लाजवील असे. उन्हाची तिरीप फटीत उतरली. ओल सुकू लागली. तसे ते दात एकेक करून मागे वळले आणि आतून हिरवट धूर निघाला. धूर कसला, ते बीजकण होते. वाऱ्याच्या एवढ्याशा हालचालीवर ते निघूनही गेले. आतली सारी घड्याळे बंद पडलेली, आणि बाहेर, दगडाच्या भेगेत, कोणीही चावी न देता काहीतरी वेळेवर उघडत होते. तिचा पहिला अश्रू माझ्यावर पडला. क्षणभर मी दुहेरी भिंग झाले आणि मग मला काहीच दिसेना. ती पोटभर रडली. उठली तेव्हा तिचे खांदे खाली आले होते.

छापखान्यात तिचे काम मुद्रिते तपासण्याचे. शिशाच्या खिळ्यांची अक्षरे जुळवून कच्चा कागद निघे आणि त्यावरचे काने, मात्रा, वेलांट्या ती माझ्याखाली घेई. अक्षरे जुळवणाऱ्यांत एक बुटका, बडबड्या गृहस्थ होता. अक्षरांची मापे असतात ना, त्यांतल्या एका लहान मापावरून सगळे त्याला ‘बारा पॉइंट’ म्हणत आणि तोही ओ देई. एकदा तिने एका शब्दावरच्या जादा अनुस्वारावर काट मारली. बारा पॉइंटने खिळे उलटेपालटे करून पाहिले.

“ताई, इथे अनुस्वार नाहीच आहे. काढू काय?”

“असं कसं? मी स्वतः बघितलाय.” तिने कागद परत घेतला, मला त्यावर धरले, आणि अनुस्वार चालू लागला. तो मोहरीहून लहान असा काळा किडा होता. एका शब्दावरून उतरून तो दुसऱ्यावर जाऊन बसला आणि त्याचाही अर्थ बिघडवला. सगळे खाते हसून लोळायचे बाकी राहिले. ती मात्र काम विसरून त्याच्या पाठीवरच्या निळ्या झाकेकडे पाहत राहिली. “थांबा हो सगळे,” ती म्हणाली, “बघू.” त्या दिवसापासून छापखान्यात तिचे नाव बघूताई पडले.

छापखान्याच्या मागे एक विटांची भिंत होती. वरचा नळ गळका होता, म्हणून भिंत बाराही महिने हिरवीगार. जेवणाच्या सुट्टीत बघूताई डबा संपवून तिथे जाऊन उभी राही.

“काय बघूताई, भिंतीचं मुद्रित तपासून झालं?” बारा पॉइंट विचारी. “निघाल्या काही चुका?”

“एकही नाही. तुमच्यासारखे जुळारी नाहीत ना तिकडे.”

एकदा तिने त्यालाही बघायला दिले. त्या दुपारी त्याने एकही विनोद केला नाही.

तिचे लग्न झाले, मुलगी झाली. लेकीला शाळेतून आणताना ती छापखान्यामागच्या त्या भिंतीकडून वाट काढी. सुरुवातीला पोर स्वतःच ओरडे, “आई, बघू!” आणि टाचा उंचावून माझ्यासाठी हात पुढे करी. पण मुले मोठी होतात, मित्रांनो. त्यांना आपल्या आईकडे इतरांच्या नजरेने पाहता येऊ लागते.

“आई, चल ना. लोक बघतायत.”

“बघू देत. आपणपण बघू.”

“मला नाही बघायचं! तुला काही कळतच नाही.”

बघूताईने मला मिटले. माझ्या पाकळ्या मिटताना ‘टिक’ असा आवाज होतो. त्या दिवशी तो मला फार मोठा वाटला.

वर्षे गेली. शिशाची अक्षरे गेली, पडद्यावरची आली. चुका यंत्रच दुरुस्त करू लागले. छापखाना पाडला तेव्हा बघूताई तिथे गेली आणि मागच्या भिंतीची एक वीट शेवाळासकट उचलून घेऊन आली. नवऱ्याच्या माघारी ती लेकीकडे राहायला गेली, तेव्हा तिच्या सामानात ती वीट होती. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, एका बशीत तिने ती ठेवली. रोज सकाळी ती तिच्यावर पाणी शिंपडी. जावई म्हणत, “आई, विटेला पाणी घालून घर उगवत नाही हो.” त्यावर ती म्हणे, “तुम्ही घराचे हप्ते भरा, मी पाणी घालते. बघू कुणाचं आधी उगवतं.”

त्या घरात माझी जागा स्वयंपाकघरातल्या एका खणात झाली. आवराआवरीत कोणीतरी मला तिथे टाकले. संपलेले सेल, सुतळीचा गुंडा, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या, आणि मी. अंधारात भिंगाला काही काम नसते. मी फक्त ऐकत असे; खणाबाहेर जे घडले ते मला मागाहून लेकीच्या बोलण्यातून कळले.

“अगं, माझं भिंग कुठे गेलं? खालच्या बागेत जाऊन येऊ या का दोघी?”

“बघू, आई. आज मीटिंग आहे.”

“मग उद्या?”

“हो गं, बघू.”

शब्द तोच होता. त्याचे डोळे पुन्हा गेले होते. लेक वाईट नव्हती, मित्रांनो. ती दमलेली होती. तिचा श्वास मी खणातून ऐकत असे, नेहमी जिना चढून आल्यासारखा.

एका सकाळी पेला फुटल्याचा आवाज झाला. मग धावाधाव, मग कितीतरी दिवस रिकामे घर. बघूताई परत आली ती चाकांच्या खुर्चीतून. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात गेला होता आणि त्याच्याबरोबर शब्दही गेले होते. जिने जन्मभर दुसऱ्यांची अक्षरे जागेवर बसवली, तिच्या तोंडून आता नुसता एक घोगरा आवाज निघे, काना-मात्रा नसलेला.

“तिला आमचं बोलणं समजतंय का, डॉक्टर?” लेकीने विचारले. “आई आत आहे ना?”

“आत्ताच सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “वय झालंय. थोडे दिवस बोलण्याचा सराव करून पाहा. प्रतिसाद नसेल तर उगाच त्यांना त्रास द्यायचा नाही. बघू.”

दार लागल्यावर लेक स्वयंपाकघरात आली आणि माझ्या खणाला टेकून उभी राहिली. “बघू म्हणे,” ती स्वतःशीच म्हणाली.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येऊ लागल्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. खाली शब्द छापलेले. पेल्याचा पत्ता समोर धरला की बघूताई तो डाव्या हाताने उडवून लावी. पुन्हा धरला की पुन्हा. “त्यांना ओळखता येत नाहीये,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. संध्याकाळी लेक जमिनीवर पडलेले पत्ते गोळा करीत होती. पेल्याच्या पत्त्यावर नखाने ओरखडल्याच्या खुणा होत्या, सगळ्या एकाच जागी. तिने वाचले. ‘पाणि’ असे छापले होते.

“आई,” ती म्हणाली, “वेलांटी चुकलीय म्हणून?”

तिने पेन आणून वेलांटी दुरुस्त केली आणि पत्ता पुढे केला. बघूताईने तो घेतला, नीट पाहिला, आणि मांडीवर ठेवला. मग तिने पाण्याच्या तांब्याकडे मान वळवली. लेक इतकी हसली की रडायला लागली. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. “डॉक्टर, ती आत आहे! ती शुद्धलेखन तपासतेय!”

पण शब्द काही येईनात. आणि एक खूण मात्र सारखी येई. डावा हात वर होई, अंगठा आणि शेजारचे बोट जुळून वर्तुळ होई, आणि ते वर्तुळ डोळ्याकडे जाई. डोळा दुखतोय असे वाटून डोळ्यांत औषध घातले गेले. चष्मा हवाय असे वाटून चष्मा चढवला गेला. जावयांनी तर तीच खूण उलट करून दाखवली, “झकास ना, आई? अगदी झकास!” बघूताईने डोळे मिटून घेतले. दिवसामागून दिवस ते वर्तुळ कमी वेळा वर येऊ लागले. आणि मी भिंतीपलीकडे, खणात, किल्ल्यांच्या खाली पडून होते.

मग नव्या गोळ्या आल्या. त्यांच्या पाकिटावरची अक्षरे इतकी बारीक होती की लेकीला काही वाचता येईना. तिने खण उघडला, उलथापालथ केली, आणि तिच्या बोटांना मी लागले. तिने माझ्यावर फुंकर मारली. आईच्या खोलीतल्या खिडकीशी उभी राहून ती माझ्यातून गोळ्यांची तारीख वाचू लागली.

खुर्चीतून घोगरा आवाज आला.

“काय गं? गोळी? आत्ता तर घेतलीस.”

डावा हात वर झाला. वर्तुळ. डोळ्याकडे.

लेकीने माझ्याकडे पाहिले, मग त्या वर्तुळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “अगं… हे? एवढे दिवस तू हे मागत होतीस? आणि मी तुझ्या डोळ्यांत थेंब घालत बसले!”

तिने मला आईच्या हातात दिले. किती वर्षांनी ती बोटे! ती थरथरत होती आणि जग माझ्यातून निसटत होते, पण पकड मी ओळखली. बघूताईने मला वळवले ते खिडकीच्या कट्ट्याकडे. बशीत वीट होती. बघूताई आजारी पडल्यापासून विटेला कोणी पाणी घातले नव्हते. शेवाळ काळपट तपकिरी झाले होते, हात लावला तर भुगा होईल असे.

“ते मेलं गं, आई. मी उद्या टाकूनच देणार होते.”

बघूताईने मला मांडीवर ठेवले आणि हात लांब करून तळवा विटेवर झाकला.

“बरं, बरं, नाही टाकत. बघू नंतर.”

बघूताईचे ओठ मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले, जणू मागे कोणीतरी जड खिळा जागेवर बसवत होते. मग ते उघडले.

“ब,” ती म्हणाली. आणि श्वास घेऊन, “घू.”

लेकीने गोळ्यांचे पाकीट बाजूला ठेवले. तो तिचा स्वतःचा ‘बघू’ नव्हता. तो त्या जुन्या भिंतीचा ‘बघू’ होता, टाचा उंचावलेल्या मुलीचा. आणि आईने तो एवढ्या पडझडीतून शोधून आणला होता. लेक खाली बसली. तिने वीट जवळ ओढली, मला पुन्हा आईच्या हातात दिले आणि तिचे कोपर आपल्या खांद्यावर टेकवून घेतले. मग औषधाच्या नळीत पाणी भरून तिने विटेवर एक थेंब सोडला.

मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहे, मित्रांनो. तरीही ते दृश्य सांगताना माझी काच आजही थंड पडते. जळक्या दोऱ्यांसारखी पाने देठांना पिळून चिकटली होती. पाणी देठावरून वर चढले. एक पान हलले. त्याचा पीळ सुटला, ते देठापासून दूर झाले आणि सावकाश मागे वळून उघडले. त्याच्या शेजारचे उघडले, मग त्याच्या पलीकडचे, अशी सारी रोपे, कोणीतरी अंगणातून हाक मारीत जावे आणि घराघराची दारे उघडत जावीत तशी. हिरवा रंग बाहेरून आला नाही. तो आतच होता. पाण्याने नुसते त्याच्यावरचे झाकण काढले. एवढे दिवस कोरडे पडलेले ते सगळे वाट पाहत होते, आणि त्यांच्या वाट पाहण्यात कसलीही तक्रार नव्हती.

नुसत्या डोळ्यांनी लेकीला एवढेच दिसत होते की तपकिरी डाग हिरवा होतो आहे. बघूताईने मला डोळ्यापासून दूर केले आणि लेकीच्या तळहातावर दाबले.

“बघ,” ती म्हणाली.

लेकीने मला डोळ्याशी धरले. तिचा धावता श्वास माझ्यावर आला आणि मी धुरकटले. तिने मला पदराला पुसले, पुन्हा धरले, पुन्हा धुरकटले. मग तिने श्वास रोखला. आणि मग तो हळूहळू सोडला, इतका हळू की तो तिचा वाटेना. दुसऱ्या खोलीत तिचा फोन वाजला, वाजत राहिला आणि थांबला.

“आई,” ती कुजबुजली, “ह्याला चावी कोण देतं गं?”

हे वाक्य तिने आजोबांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. आईच त्यांची नक्कल करून सांगे. बघूताईचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला हसता येत नव्हते, पण डोळा दोन्हीकडचा हसला.

त्या दिवसापासून सकाळी दोघी खिडकीशी बसतात. आधी आई पाहते, मग लेक. शब्द एकेक करून येतात आणि कधी चुकीच्या जागी बसतात. मुंगीला ती एकदा ‘मात्रा’ म्हणाली आणि दोघींना हसू आवरेना. उजवा हात आला नाही. तो येईल असे मी सांगणार नाही. भिंगाने आहे तेच दाखवायचे असते. पण लेकीचा श्वास आता जिना उतरून आला आहे. खालच्या बागेतही त्या जातात, चाकांच्या खुर्चीतून, आणि एका झाडाशी कितीतरी वेळ थांबतात. लोक बघतात. लेक त्यांना बघू देते.

मागे एकदा त्या मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. दवाखान्याच्या पायरीवर बघूताईला पारव्याचे एक करडे पीस दिसले. ते तिने उचलायला लावले आणि मांडीवर जपून ठेवले. डॉक्टरांनी तिला तपासले, दोन-चार शब्द बोलून घेतले, आणि मान डोलावली.

“पुन्हा आधीसारखी बोलेल का ती?” लेकीने विचारले.

“बघू,” डॉक्टर म्हणाले.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. बघूताईने डाव्या हाताच्या अंगठ्याने माझी पाकळी सरकवली. टिक. तिने मला डॉक्टरांपुढे धरले.

“हे काय, आजी?”

“तुम्हीच म्हणालात ना, डॉक्टर,” लेक म्हणाली आणि तिने पीस त्यांच्या मेजावर ठेवले.

डॉक्टर हसले, घड्याळाकडे पाहिले, आणि केवळ म्हातारीचे मन राखायला म्हणून वाकले. मी त्यांना पिसाचा एक तंतू दाखवला. त्या तंतूचे तंतू, आणि त्या प्रत्येकावर शेजाऱ्याला धरून ठेवणाऱ्या आकड्यांची रांग, एकही न चुकलेली. डॉक्टरांनी बोटाने तंतू विलग केले, पुन्हा जुळवून ओढले, आणि ते आकडे पुन्हा एकमेकांत अडकले, काही झालेच नव्हते असे. त्यांचा श्वास माझ्यावर आला. मग तो मंदावला.

दारातून मदतनीस बाईंनी डोकावून विचारले, “पुढचा पेशंट पाठवू का?”

डॉक्टरांनी मान वर केली नाही. “थांबा जरा,” ते म्हणाले. “बघू.”

मित्रांनो, आता माझ्या काचेवर ओरखडे आहेत आणि कडेला एक टवका उडाला आहे. माझ्यासारखे कोणी तुमच्या घरातल्या खणात पडले असेल तर त्याला बाहेर काढा. पुसण्याआधी फुंकर मारा, कारण वाळूचा एक कणही आम्हाला ओरखडतो, आमचाच भाऊबंद असून. मग मऊ सुती कापडाने पुसा. मुंग्या जाळू नका. आणि घरात कोणी दमलेल्या आवाजात ‘बघू’ म्हणाले, तर रागावू नका. त्यांच्या हातात काहीतरी बघायला द्या, आणि श्वास हळू होईपर्यंत त्यांच्याजवळ बसा.